ठासणीच्या जुन्या बंदुका: इतिहास, पारख आणि जतन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठासणीची बंदूक नेमकी कशाला म्हणायची?

जी नळीच्या तोंडाकडून भरतात ती. आधी दारू, मग गोळी, वर कागदाचा किंवा कापडाचा बोळा आणि हे सगळं गजाने ठासून तळाशी बसवायचं. नळीचं मागचं टोक कायमचं बंद असतं. त्या टोकाला काडतूस घालायला दार असेल, तर ती बंदूक कितीही जुनी दिसो, ठासणीची नव्हे.

इथे नवखे लोक स्नायडर नावाच्या बंदुकीवर फसतात. 1866 नंतर ब्रिटनने आपल्या ठासणीच्या एनफिल्ड बंदुकांची नळी मागून कापून तिथे बाजूला उघडणारं झाकण बसवलं, तीच स्नायडर. घोडा (चाप ओढल्यावर आदळणारा हातोडा), लाकडी दस्ता, नळीवरचे पट्टे सगळं एनफिल्डचंच राहिलं. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

तोडा, चकमक आणि टोपी यांत फरक काय? कोणती कधीची?

फरक आहे तो दारू पेटवण्याच्या रीतीत.

तोड्याच्या बंदुकीत सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, धुमसत जळणारी दोरी म्हणजे तोडा किंवा जामगी वापरतात. चाप ओढला की दोरी धरलेला आकडा खाली येतो आणि नळीशेजारच्या वाटीतल्या रंजकाला, म्हणजे पेटवणीच्या दारूला, टेकतो. ही रीत युरोपात पंधराव्या शतकात आली. 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर ती जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली आणि तिथे त्या बंदुकीला बेटाचंच नाव पडलं.

त्यानंतर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चाकाचं लॉक आलं. लॉक म्हणजे दारू पेटवणारी कळ. किल्लीने चावी दिलेलं पोलादी चाक लोहमाक्षिकाच्या खड्यावर घासून ठिणग्या पाडतं. काम घड्याळासारखं नाजूक आणि किंमत भारी, त्यामुळे ते सरदार, शिकारी आणि घोडदळापुरतंच राहिलं. असं लॉक मिळालं तर ते चालवून बघायचा मोह टाळा. त्याची साखळी तुटली की दुरुस्त करणारे हात फार थोडे.

चकमकीचं पक्कं फ्रेंच लॉक सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. ते बनवण्याचं श्रेय बहुधा मारँ ल बुर्जवा या कारागिराला दिलं जातं. गारगोटी धरलेला घोडा समोरच्या पोलादी पाटीवर, म्हणजे फ्रिझनवर, आदळतो. त्याच फटक्याने वाटीचं झाकण उघडतं आणि ठिणग्या रंजकात पडतात. पुढची दोनशे वर्षं जगातल्या बहुतेक लढाया या लॉकवर झाल्या.

टोपीच्या रीतीची सुरुवात अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने केली. रंजकाचा भडका दिसताच पाणपक्षी सावध होत, म्हणून त्याने ठोक्याने पेट घेणारी रसायनं वापरली आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. अशी रसायनं भरलेली तांब्याची छोटी टोपी, आपल्याकडे म्हणतात तो केप, 1820 च्या आसपास रुळली. सैन्यांनी ती स्वीकारायला आणखी वीसेक वर्षं घेतली.

ही वर्षं लॉकच्या प्रकाराची आहेत, तुमच्या हातातल्या बंदुकीची नाहीत. हिंदुस्थानात तोडेदार बंदुका एकोणिसाव्या शतकातही बनत होत्या. आफ्रिकेच्या व्यापारासाठीच्या चकमकीच्या बंदुका तर टोपी मागे पडल्यावरही घडत राहिल्या. नुसत्या लॉकवरून वय सांगणारा एक तर घाईत असतो किंवा विकणारा असतो.

चकमकीची बंदूक कधी उडते, कधी नुसतीच फुसकते. असं का?

‘फुसका बार’ हा शब्द अशाच बंदुकांना साजतो. वाटीतलं रंजक पेटलं, पण आग नळीच्या कानातून, म्हणजे वाटीपासून आत जाणाऱ्या बारीक भोकातून, आत पोचली नाही, की वर नुसता धूर. बहुतेक वेळा जळकी राख कानात बसलेली असते, म्हणून शिपायाजवळ कान मोकळा करायची सुई आणि वाटी झाडायचा छोटा ब्रश असे. ओलसर हवाही कारण ठरते: दारूची राख हवेतलं पाणी ओढून वाटीत काळा चिखल करते. ठिणगीच पडत नसेल तर गारगोटीची धार बोथट झालेली असते किंवा ती फ्रिझनला पूर्ण रुंदीने लागत नसते. चांगली गारगोटी वीस-तीस बार टिकते. ती जबड्यात कातड्याच्या तुकड्यात किंवा शिशाच्या पातळ पत्र्यात धरतात. नुसती लोखंडात आवळली तर तडकते.

आणखी एक दुखणं संग्राहकाच्या कामाचं आहे. वापरून वापरून फ्रिझनचा कडक थर झिजतो आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. मग गारगोटी कितीही ताजी असो, ठिणग्या लालसर आणि मेल्या पडतात. जुन्या काळी अशा फ्रिझनला पोलादाची नवी पट्टी चढवत. तो जोड दिसला तर तो दोष नव्हे. बंदूक खरोखर वापरात होती याचा तो पुरावा आहे.

लॉकवर ‘टॉवर’ आणि मुकुट आहे. म्हणजे लंडनच्या टॉवरमध्ये बनलेली ना?

नाही. ब्रिटिश सरकार लॉक, नळ्या, पितळी सामान वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून, मुख्यतः बर्मिंगहॅमहून, घेत असे. ‘टॉवर’ हा शिक्का सरकारी साठ्याचा. पण व्यापारी बंदुकांवर आणि पुढे नकलांवरही तोच शब्द सर्रास आला, कारण तो विकला जायचा.

खरी साक्ष शिक्क्यांच्या जुळणीत असते. सरकारी बंदुकीवर मुकुटाखाली राजाची आद्याक्षरं, तपासनिसांचे छोटे मुकुट-अंक आणि सरकारी मालकीचा रुंद बाण असतो. खासगी नळीवर परीक्षागृहाचे, म्हणजे नळीची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के हवेत. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला 1637 मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 च्या कायद्याने सुरू झालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर आधी चार भागांत विभागलेलं हृदय आणि त्यावर 4 सारखी खूण असे. 1808 च्या सुमारास तिथे मागच्या पायांवर उभा सिंह आला. बेल्जियमच्या लिएजचा शिक्का म्हणजे लंबगोलातली इ.एल.जी. ही अक्षरं. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर परीक्षा 1893 किंवा नंतरची. ‘दोनशे वर्षांची’ म्हणून आलेल्या कितीतरी बंदुका या एका मुकुटावर उघड्या पडतात.

‘ब्राउन बेस’ म्हणून जे विकतात ते नक्की काय?

ते टोपणनाव आहे, मॉडेल नव्हे. त्यात निदान तीन मुख्य नमुने येतात आणि ते टेपने वेगळे करता येतात: लाँग लँडची नळी 46 इंच, शॉर्ट लँडची 42 इंच, इंडिया पॅटर्नची 39 इंच. इंडिया पॅटर्न मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी होता. फ्रान्सशी युद्धाची घाई झाल्यावर ब्रिटिश सैन्याने 1790 च्या दशकात तोच उचलला, कारण तो स्वस्त आणि लवकर बनणारा होता. तिघांचाही व्यास साधारण 0.75 इंच. गोळी मात्र जवळपास 0.69 इंचाची. एवढी ढिली गोळी मुद्दाम: राखेने नळी अरुंद होत गेली तरी ती खाली उतरली पाहिजे. त्या ढिलाईमुळे नेम बिघडे, म्हणून रांगा करून एकदम बार काढायची पद्धत. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी.

नळी मोजताना तोंडापासून मागच्या बुचाच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा, मागे गेलेली शेपटी धरू नका. नळी 38 इंच किंवा कमी भरली तर ती कापलेली असू शकते. कापलेल्या नळीवर संगिनीचा खुंट तोंडापासून चुकीच्या अंतरावर येतो किंवा नव्याने डाखलेला दिसतो. संगीनच बसवून बघितली की पाच मिनिटांत निकाल लागतो.

बोअर आणि इंच यांचा मेळ कसा घालायचा?

एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोल गोळ्या पडतात तितका बोअर. म्हणून आकडा मोठा तर नळी लहान. 12 बोअर म्हणजे 0.729 इंच, 16 म्हणजे 0.662, 20 म्हणजे 0.615. फ्रेंच शार्लव्हिल बंदुकीचा 0.69 हा जवळपास 14 बोअर होतो. तोंडाशी नळी गजाने झिजलेली असते, म्हणून दोन काटकोनी दिशांनी मोजा आणि लहान माप धरा.

आटे असलेली नळी म्हणजे नवी बंदूक का?

नाही. आट्यांच्या, म्हणजे नळीत आतून पिळदार खाचा कोरलेल्या, रायफली सोळाव्या शतकापासून आहेत. अडचण भरण्याची होती: गोळी आट्यांत घट्ट बसायला तेलकट चिंधीत गुंडाळून ठोकावी लागे. 1800 मध्ये आलेल्या बेकर रायफलीला सात आटे होते आणि 30 इंचांच्या नळीत ते जेमतेम पाव फेरा घेत. 1849 च्या मिनिए गोळीने गाठ सोडवली. बूड पोकळ असल्याने ती सहज आत जाते आणि बार होताच फुगून आटे धरते. त्याच तत्त्वावरची 1853 ची एनफिल्ड 0.577 इंचाची, तीन आट्यांची. तिच्याच काडतुसावरच्या चरबीने 1857 चा वणवा पेटला. दातांनी फाडायची होती ती त्या काडतुसाची कागदी गुंडाळी.

जुनी बंदूक हाती आली. पहिलं काम कोणतं?

ती भरलेली आहे असं धरून चाला. शंभर-दीडशे वर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकांतही दारू आणि गोळी सापडते आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या काळानेही पेटते. अमेरिकेतल्या 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणावरून गोळा केलेल्या सुमारे 27 हजार बंदुकांपैकी 24 हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या होत्या, कित्येकांत एकावर एक दोन-दोन भरणं. गोंधळात माणूस भरतच राहतो.

तपासायची रीत अशी. टोपी किंवा रंजक आहे का ते आधी बघा. घोडा खाली असू द्या, त्याला हात लावू नका. तोंड कोणाकडेही, स्वतःकडेही नको. 8 ते 10 मिमी जाडीची लाकडी काठी हलकेच आत सोडा, जिथे अडते तिथे तोंडाशी खूण करा. काठी बाहेर काढून खूण तोंडाशी धरून नळीच्या बाहेरून मागे धरा. टोक कानापर्यंत किंवा निपलच्या, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडाच्या, बुडाशी यायला हवं, सेंटिमीटरभर इकडेतिकडे चालतं. तीन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे: कधी चिंधी, कधी गांधीलमाशीचं घर, कधी खरंच भरण.

यात एक चकवा आहे. 1787 च्या नॉक पेटंटसारख्या ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या बंद टोकात) आणि काही हिंदुस्थानी तोडेदार नळ्यांत दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे काठी रिकाम्या नळीतही आधीच अडते. अशा वेळी बारीक कॅमेरा आत सोडून बघतात. संशय राहिला तर ती भरलेलीच. भरण काढण्यासाठी ड्रिल, गरम करणं, हवेचा दाब, ‘एकदा बाहेर उडवून टाकू’ यातलं काहीही करू नका. परवानाधारक बंदूककाराला बोलवा.

चकमकीची बंदूक नंतर टोपीची केलेली आहे. किंमत गेली का?

नाही. 1830–50 च्या काळात सैन्यांनी आणि शिकाऱ्यांनी अशी लाखांनी रूपांतरं केली आणि तोही इतिहासच. खुणा सहज दिसतात: लॉकप्लेटवर वाटीच्या जागी कापलेला खळगा, फ्रिझनच्या स्प्रिंगची बुजवलेली भोकं, कानाच्या जागी बसवलेला ड्रम, म्हणजे छोटं नळकांडं, आणि त्यावर निपल.

किंमत खरी जाते ती उलट्या दिशेने. टोपीची झालेली बंदूक कोणीतरी नवी वाटी, नवा घोडा लावून पुन्हा चकमकीची करतो आणि ‘अस्सल मूळ स्थितीत’ म्हणून विकतो. तिथे नळीच्या कानाभोवती गोल बुजवणी दिसते. घोड्याचा रंग प्लेटपेक्षा वेगळा असतो. वाटीभोवतीचं लाकूड रंजकाने जळून काळं पडायला हवं, ते कोवळं असतं. शंभर वर्षं रंजकाच्या आगीशेजारी राहिलेलं लाकूड गुळगुळीत राहूच शकत नाही.

नकली कशी ओळखायची?

तीन गोष्टी एकच माणूस ‘नकली’ म्हणून सांगतो, पण त्या वेगळ्या आहेत.

पहिली, आधुनिक प्रतिकृती, बहुतेक इटलीची. ती फसवायला बनलेली नसते. नळीवर ‘फक्त काळी दारू’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं, इटालियन परीक्षागृहाची पी.एन. खूण आणि चौकटीत वर्षाचा संकेत असतो. लबाड विक्रेता हे घासून काढतो आणि नळी गंजवतो. मग घासलेली जागा बोटाला किंचित खोलगट लागते. अस्सल नळीवर अशी सूचना नसतेच, कारण तेव्हा दुसरी दारूच नव्हती.

दुसरी, खैबर भागात आणि इतरत्र पर्यटकांसाठी बनलेली. शिक्क्यांतली अक्षरं उलटी, स्पेलिंग चुकलेलं, राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली ती गादीवर येण्याआधीचं, म्हणजे 1837 पूर्वीचं साल.

तिसरी आणि सगळ्यात अवघड म्हणजे जुन्याच पण वेगवेगळ्या बंदुकांचे भाग जोडून केलेली. इथे स्क्रू बोलतात. इंग्रज अभियंता व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण 1841 मध्ये मांडलं. त्याआधीचा प्रत्येक स्क्रू आपल्या भोकासाठी हाताने केलेला. स्क्रूची खाच बारीक, डोक्याची कड जरा असमान असते. लॉक काढून त्याच्या आतल्या बाजूचा आकार आणि लाकडातला कोरीव खळगा ताडून बघा. मूळ जोडीत कागद जाईल एवढीही फट नसते. पुठ्ठ्याचे, गोंदाचे तुकडे दिसले तर लॉक पाहुणं आहे.

नळीवर लाटांची नक्षी आहे. ती दमास्कस का?

असू शकते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळीभोवती गुंडाळून, तापवून ठोकत अशी नळी करतात आणि आम्लाने नक्षी उठवतात. साध्या नळीवर नुसती आम्लाची नक्षी काढायचीही पद्धत होती. फरक कळतो दस्त्याखाली झाकलेल्या बाजूला: खरी नक्षी तिथेही चालू राहते, आणि नळीभोवती तिरका जोड दिसतो. नकली नक्षी बहुधा दिसणाऱ्या भागापुरतीच.

हिंदुस्थानी तोडेदार बंदूक कशी ओळखायची? ती इतका काळ का टिकली?

सरळ, सडपातळ दस्ता, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, नळी दस्त्याला तारेने किंवा कातडी पट्ट्यांनी बांधलेली आणि तोड्याचा आकडा दस्त्यातल्या खाचेतून वर आलेला. चापाला बहुतेकदा संरक्षक कडं नसतं. कान मोकळा करायच्या सुईसाठी बाजूला खोबणी असते. ती सुई बहुतेकदा हरवलेली असते आणि जागेवर असली तर आनंद मानावा.

‘मागासलेपणामुळे टिकली’ हे उत्तर आळशीपणाचं आहे. तोड्याला ना कडक पोलादाची पाटी लागते ना चांगली गारगोटी. गावचा लोहारही तिची कळ दुरुस्त करू शकतो. वाईट चकमकीपेक्षा चांगला तोडा जास्त खात्रीचा. पाऊस आणि रात्रीचा दिसणारा निखारा हे तिचे खरे शत्रू.

गंज आणि काळेपणा घासून चकचकीत करावा का?

नको. खरबडीत, लालसर, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो थांबवायचा. गुळगुळीत तपकिरी-काळा थर हा धातूचं वय आहे, तो ठेवायचा. पॉलिश केलेल्या नळीवरचे शिक्के अर्धे पुसले जातात आणि त्यांच्याबरोबर बंदुकीची ओळखही.

जिवंत गंजावर पातळ तेलाचे थेंब टाकून दिवसभर राहू द्या, मग ब्राँझ लोकरीने किंवा सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या स्टील वुलने हलक्या हाताने फिरवा. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा. शेवटी तेल पूर्ण पुसून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात. आम्लयुक्त गंजनाशक, वायर ब्रश, बफिंगचं चाक यांना हात लावू नका. पितळ चकाकवायच्या क्रीमची पांढरी भुकटी लाकडाच्या सांध्यात बसते आणि ती कधीच निघत नाही.

लाकडाला जवसाचं तेल चोळायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो वाईट आहे. तेल काळं पडतं, चिकट होतं, धूळ धरतं. किंचित ओलसर कापडाने मळ पुसून, वाळवून मेण पुरे.

लॉक उघडून बघायला हरकत आहे का?

पारखायला लॉक काढावंच लागतं, पण रीत पाळा. घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धा मागे ओढलेला, ठेवा, म्हणजे तो लाकडाची कड फोडत नाही. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या. पाचरीसारखं पातं खाच फाडतं. अडला तर भेदक तेल टाकून तीन-चार दिवस थांबा. समोरचे स्क्रू काही फेरे सैल करून त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलके ठोका, लॉक सरळ बाहेर येईल. कधीही प्लेटच्या कडेला पातं घालून उचकटू नका. पुठ्ठ्यावर बंदुकीचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचा. दोन सारखे दिसणारे स्क्रू सारखे नसतात.

मुख्य स्प्रिंग पकडीने दाबायची नाही. तिच्यासाठी वेगळा क्लॅम्प असतो. आणि गारगोटीवाचून किंवा टोपीवाचून घोडा ‘फक्त आवाजासाठी’ सोडू नका: निपल चपटं होतं, घोडा तडकतो.

ठेवायची कुठे?

कोरड्या हवेत लाकूड तडकतं, ओल्या हवेत लोखंड गंजतं. दोघांचा समेट 45 ते 50 टक्के आर्द्रतेला होतो. आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. कपाट ओक लाकडाचं नको, त्याच्या आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्यांचं पांढरं पीठ होतं. लोकरीच्या फेल्टने चांदीकाम काळवंडतं. कातडी म्यानात किंवा पेटीत कायम ठेवू नका. टांगताना ट्रिगर गार्डवर भार नको, दोन रुंद, अस्तर लावलेल्या आधारांवर आडवी ठेवा. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, बोटांचा घाम महिन्याभरात ठसा उमटवतो.

उडवून बघता येईल?

अस्सल जुनी असेल तर उत्तर बहुधा नाही असंच. बाहेरून ठणठणीत नळीच्या आत, कानाजवळ आणि बुचाच्या आट्यांत, गंजाचे खोल खड्डे असतात. हौस असेल तर परीक्षा झालेली प्रतिकृती वापरा. आधुनिक धूरविरहित दारू तर कोणत्याच ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांच्या ताकदीपलीकडचा असतो आणि फुटलेली नळी डाव्या हातात फुटते.

परवाना लागतो का?

देशागणिक कायदा वेगळा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 किंवा आधी बनलेली बंदूक पुरावस्तू ठरते. ब्रिटनच्या 1968 च्या कायद्यात ती ‘कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू’ म्हणून बाळगली तर सूट आहे, उडवायची ठरवली की सूट संपते. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू होणार नसेल तरच. चालू स्थितीतली बंदूक आजोबांची असली तरी सुटत नाही. विकत घेण्याआधी स्थानिक अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या. दारू, टोप्या आणि परदेशी वाहतूक यांचे नियम आणखी वेगळे.

नोंदवहीत काय लिहावं?

नळीची लांबी, तोंडाचा व्यास, एकूण लांबी, वजन. प्रत्येक शिक्क्याचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो, शेजारी मोजपट्टी. लॉकची आतली बाजू, नळीची खालची बाजू. कोणाकडून, कधी, कोणत्या शब्दांत वर्णन करून मिळाली, आणि मूळ पावती. तुम्ही केलेली प्रत्येक सफाई, बदललेला प्रत्येक स्क्रू तारखेसह. ‘मालक म्हणतो’ आणि ‘बंदुकीवर दिसतं’ यांचे रकाने वेगळे ठेवा. अमुक सरदाराची बंदूक ही माहिती पहिल्या रकान्यातली, आणि तिला कागद मिळेपर्यंत तिथेच राहू द्या.